भुशातलं खाद्य

६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिवायला आलेल्या गणवेशांच्या ढिगाखाली गाडले गेले होते, म्हणून उत्तराला उशीर. फुरंगटून बसू नकोस. फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशीलच. अगं, आपला फोन बाबांच्या खुर्चीला लागून. त्यांना बातम्या ऐकू येत नाहीत, पण मी दाराआड कुजबुजले तर शब्दन्‌शब्द कळतो. आणि आज सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच, निदान त्यांच्या कोंबड्यांबद्दल तरी.

परवा ब्रॉयलरची नवी पिल्लं आली. खोका मांडीवर घेऊन बाबा टेम्पोत पुढे बसले होते आणि टेम्पोवाल्याला सारखे हळू, हळू म्हणून पिडत होते. उभा जन्म बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. काचेच्या पेट्या जहाजातून उचलून धक्क्यावर आवाज न करता टेकवायच्या, ही ज्यांची ख्याती, त्यांना खड्ड्यातून उसळणारा टेम्पो कसा सोसणार! उतरल्यावर तो बिचारा मला म्हणाला की काकू, पुढच्या वेळी दुसरा टेम्पो बघा.

आई गेल्यावर बाबा ऊन डोक्यावर आलं तरी अंथरुणातून उठायचे नाहीत, तुला आठवतंच. परसातल्या या शेडनं त्यांना उठवलं. म्हणून मला काळजी वाटते. मागच्या खेपेला आपण तोंडावर आपटलो. पक्षी हलके भरले. नर्सेसच्या वसतिगृहाचा भटारखाना सांभाळणारी बाई एरवी सगळे पक्षी घेते, तिनं निम्मेच उचलले. आणि खाद्य मात्र पोत्यामागून पोतं संपत होतं! शेड रिकामी झाल्यावर मी खालचा भुसा काढायला घेतला, तर फावड्यात भुशाइतकंच खाद्य. तुझा दादा तेव्हाच बेकरीतून आला होता. त्यानं मूठभर उचलून पाहिलं आणि म्हणाला की पुढच्या खेपेलाही असं झालं तर शेडमध्ये कोंबड्यांऐवजी मैद्याची पोती ठेवीन. बाबा तिथेच उभे होते.

तुझ्या चष्म्याच्या दुकानात नाना तऱ्हेची माणसं येतात. कुणी कोंबड्या पाळणारं भेटलं तर जरा विचार ना, की या एवढं उधळतात तरी का?

जेवत जा वेळेवर. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तो सोडणार नाही.

तुझी
वहिनी

१२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं नशीब म्हणजे काय सांगू! पत्र आलं त्याच आठवड्यात एक बाई चष्म्याची तुटलेली काडी घेऊन आल्या. कशी तुटली विचारलं तर म्हणाल्या की कोंबडा बसला. मी त्यांना काडी बसेपर्यंत हलूच दिलं नाही. काडी बसली, तरी स्क्रू घट्ट करायच्या नावाखाली आणखी थोडं अडकवून ठेवलं. मालक माझ्याकडे संशयानं बघत होते.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की कोंबडी उधळी नसते, मांडणी चुकलेली असते. खाद्याचं भांडं जमिनीवर ठेवलं की पक्षी त्यात पाय घालतो, उकरतो, चोचीनं बाजूला उडवतो. म्हणून पिल्लं जरा मोठी झाली की भांडं टांगायचं आणि त्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आणायची. पक्षी वाढतील तसं भांडंही वर चढवत जायचं. हे बहुतेक लोक एकदाच करतात आणि विसरतात म्हणे. दुसरं, भांडं कधीच काठोकाठ भरायचं नाही. तिसरा हिस्सा, फार तर अर्धं. थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा. तळाशी जी भुकटी उरते ती त्यांनी खाल्ल्याशिवाय वरून नवं ओतायचं नाही, नाहीतर त्या दाणे वेचतात आणि भुकटी तशीच कुबट होते. भांडी पुरेशी हवीत, म्हणजे ढकलाढकलीत सांडत नाही. पाणी जरा लांब ठेवायचं. पोती जमिनीवर नकोत, झाकणाच्या पिंपात ओत, आणि उंदरांची बिळं बघ. उंदीर खातो त्याचं बिल कोंबडीच्या नावावर फाडतात, हे त्यांचं वाक्य.

हे सगळं बाबांना तुझं म्हणून सांगू नकोस, मी सांगितलं म्हणून सांग. सुनेचं ऐकलं असं व्हायला नको आणि लेकीचं ऐकलं तर त्यांची कॉलर ताठ होते.

एक विचारू? तुझ्या पत्राखाली बाबा दोन ओळी तरी खरडायचे. हल्ली आशीर्वादसुद्धा तुझ्याच अक्षरात येतो. माझ्यावर रुसलेत का?

अशीच मला लाडावून ठेव.

तुझी
मुंगी

२१ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या काडीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. आम्ही सगळं केलं. दादानं आढ्याला हुक ठोकले, भांडी टांगली. बेकरीतलं झाकणाचं पिंप आणलं. उंदराचं एक बीळ माझ्या शिलाई मशीनच्या बरोब्बर मागे निघालं, त्यावर मी किती किंचाळले ते शेजाऱ्यांना विचार. पिल्लांना आता पांढरी पिसं फुटलीत, मधूनच अर्धवट टकली दिसतात, सातवीतल्या मुलांसारखी.

तरी भुशात खाद्य पडतच होतं. पूर्वीपेक्षा कमी, पण पडत होतं. भांडी बघावीत तर काठोकाठ! बाबांना मी दोनदा सांगितलं की मुंगी अर्धंच भरा म्हणते. दोन्ही वेळा हो म्हणाले आणि पुन्हा काठोकाठ. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढं साधं ऐकायला यांना होतंय काय, असं मनात आलं.

आज सकाळी धुणं वाळत घालताना शेडच्या जाळीतून बाबा दिसले. पाठमोरे होते. डब्यात खाद्य घेऊन भांड्यावर धरलं आणि हात थरथरायला लागला. थोडाथोडका नाही गं. डबा भांड्याच्या कडेवर वाजत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, तरी खाद्य चारी बाजूंनी पावसासारखं पडलं. एकदाच सगळं ओतून डबा खाली ठेवला आणि हात बरगडीशी दाबून उभे राहिले. मग चपलेनं सांडलेल्यावर भुसा ओढला, नीट, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

अर्धं का भरत नाहीत ते मला तेव्हा कळलं. चार वेळा भरायचं म्हणजे चार वेळा हे.

मी आत गेले नाही. ओली चादर हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मग मागच्या मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली, त्यांना मी घरात आहे असं वाटावं म्हणून. दादाला अजून सांगितलेलं नाही. तूच सांग, काय करू?

तुझी
वहिनी

२५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानात वाचलं आणि भिंग घासता घासता चिरलं.

मागच्या भेटीत बाबा चहाचा कप उचलत नव्हते. टेबलावर ठेवूनच वाकून पीत होते. मी चेष्टा केली की मांजर झालात का. ते हसले. मी पण हसले.

दादाला सांग. आपण दोघींनीच हे दाबून ठेवणं बरं नाही. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. फक्त दादाला म्हणावं, सबुरीनं घे. तो मनानं लोणी आहे, पण बोलतो ते भट्टीतून काढल्यासारखं.

लवकर लिही. मी वाट बघतेय.

तुझीच
मुंगी

४ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझं भट्टीचं वाक्य दादाला वाचून दाखवायला हवं होतं, म्हणजे पुढचं टळलं असतं.

मी त्याला सगळं सांगितलं. मग जेवताना, माझ्याकडे न बघता, बाबांना म्हणाला की तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, कोंबड्यांचं मी बघतो. त्याला वाटलं, आपण फार प्रेमानं बोललो. बाबांनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली, तिथेच त्यांना सगळं समजलं. उठले, शेडची किल्ली दादाच्या ताटाशेजारी ठेवली आणि खोलीत गेले.

तेव्हापासून बाबा खिडकीपाशी बसून असतात. पक्ष्यांचं नावसुद्धा काढत नाहीत. डॉक्टरांचं म्हटलं की डोळे मिटून घेतात. दाढी करत नाहीत.

आणि तुझ्या दादाचा कारभार ऐक. बेकरीतून पहाटे डोळे चोळत येतो, झोपायची घाई, म्हणून भांडी काठोकाठ भरून टाकतो! दुपारपर्यंत भुशात हा सडा. ज्या गोष्टीसाठी बापाला कामावरून उठवलं तीच हा दुप्पट करतोय. परवा भांडी वर चढवायची विसरला तर पक्षी सरळ आत जाऊन बसले. मी म्हटलं की अहो, हा त्यांचा सोफा आहे का? तर माझ्यावरच खेकसला. दुपारचं मी भरते, पण मशीनवरून उठून किती वेळा जाऊ? वजनं पुन्हा मागे पडायला लागलीत. पण खरं सांगू, मला पक्ष्यांपेक्षा त्या खिडकीतल्या खुर्चीची भीती वाटते. आई गेल्यानंतरचे दिवस परत आल्यासारखे वाटतात.

आम्ही दोघं त्यांच्याशी बोललो की ते दयेसारखं होतं. तू लिही. तुझं ते ऐकतात. गोड नको लिहूस.

तुझी
वहिनी

८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीनं गोड लिहू नकोस म्हटलंय, म्हणून सरळ लिहिते. तुमचा हात थरथरतो हे मला कळलंय. वहिनीनं पाहिलं, तिनं मला सांगितलं, मी दादाला सांगायला लावलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. ती बिचारी आठवडाभर एकटीच हे पोटात घेऊन होती.

तुम्ही लपवलंत, त्याचं मला वाईट वाटलं. हात थरथरला म्हणून नाही. मी शाळेत फळा वाचता येत नाही हे लपवलं होतं, तेव्हा तुम्ही मला पाठीवर घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं आणि म्हणाला होतात की चष्मा म्हणजे शिक्षा नव्हे, अवजार आहे. आज मी त्याच अवजारावर पोट भरते. मग तुमच्या हाताला अवजार नको का?

दादा तुमच्याइतकं नीट करत नाही, हे तुम्ही खिडकीतून बघतच असाल. पक्षी मागे पडलेत. तुम्ही कधी माल अर्ध्यावर लटकता ठेवून क्रेनवरून उतरलात, असं मला आठवत नाही.

डॉक्टरकडे जा. आणि शेडमध्ये काय बदललं म्हणजे तुम्हाला काम करता येईल, ते सांगा. आम्हाला सुचत नाही, खरंच नाही.

रागावलात तरी चालेल, पण अबोला नको.

तुमची
मुंगी

१७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

अक्षर असं का दिसतंय ते आता तुला ठाऊक आहे. ओळी डोंगर चढतात, उतरतात. दमलीस तर मध्ये चहा पी.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागावलो. दुसऱ्या दिवशीही रागावलो. तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ भांडी भरताना दिसला आणि राग त्याच्याकडे वळला. पोतं उचलून सरळ भांड्यात! बंदरावर असा माल कुणी उतरवला असता तर मी त्याला पाण्यात ढकलला असता. खिडकीतून ओरडलो. तोही ओरडला, की मग तुम्हीच सांगा कसं करायचं. झोपेनं त्याचे डोळे लाल झाले होते. मला त्याची कीव आली, आणि मग मी सांगायलाच बसलो.

मी जन्मात एकही पेटी हातानं उचलली नाही, मुंगे. उचलायचा तो दोर आणि लोखंड. मग हे चिमूटभर खाद्य हातावर का तोलतोय, हे माझ्या ध्यानात का आलं नाही कोण जाणे. हात लपवण्यातच सगळी अक्कल खर्च झाली असावी.

आता शेडच्या भिंतीबाहेर कमरेच्या उंचीला एक गज बसवलाय. डबा त्यावर टेकवायचा आणि कलवायचा. हात थरथरू दे, डबा गजावर असतो. खाली प्रत्येक भांड्याचं वेगळं रुंद तोंडाचं नरसाळं, त्यातून नळी थेट भांड्यात. आजूबाजूला सांडलं तर ते परातीत पडतं आणि परत पिंपात जातं. डबाच लहान घेतला, म्हणजे भांडं अर्ध्याच्या वर भरूच शकत नाही, मग भरणारा मी असो की तुझा झोपाळू भाऊ. सगळ्या भांड्यांचे दोर एकाच कप्पीवर आणलेत. चाक थोडं फिरवलं की सगळी एकदम वर.

पहिल्यांदा फजिती झाली. नळीला उतार कमी पडला, खाद्य मध्येच अडकलं. दादानं बाहेरून दणका घातला तर सगळं एकदम सुटलं आणि एक कोंबडी गळ्यापर्यंत पुरली गेली. ती खाद्यात मान वर काढून अशी बसली, जणू साहेबीण न्हाणीत. दादा हसता हसता जमिनीवर बसला. मी त्याला असं हसताना किती वर्षांनी पाहिलं. मग नळी तासून उतार वाढवला. त्यानं कापायची, मी खूण करायची. खूण वाकडी होत होती. तो माझ्या वाकड्या खुणेजवळ सरळ रेघ मारायचा आणि कापायचा. मी पुढची खूण करायचो.

डॉक्टरकडे जाईन. पक्षी विकले गेल्यावर. आधी नाही, यावर वाद नको.

सूनबाईनं तुला सांगितलं हे बरंच केलं. तिला मी अजून तसं म्हटलेलं नाही. जमेल.

तुझा
बाबा

२७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

आधी चांगली बातमी. पक्षी गेले, सगळे! भटारखान्याच्या बाईंनी एकेक उचलून पाहिला, तोंड वाकडं करायला जागा शोधली, सापडली नाही. पुढच्या खेपेसाठी आतापासून सांगून गेल्या. मधले काही दिवस मागे पडले होते म्हणून सगळे पक्षी सारख्या वजनाचे नव्हते, पण हलका म्हणून एकही परत आला नाही. काल भुसा काढला. खाद्य अगदीच नव्हतं असं नाही, कोपऱ्यात होतं. तुझ्या दादानं ते पाहिलं आणि चक्क म्हणाला की एवढं तर आमच्या बेकरीत पिठाचंही सांडतं. मैद्याच्या पोत्यांचा विषय कुणी काढला नाही.

आता डॉक्टरांचं. त्यांनी बाबांना कागदावर गोगलगाईसारखी गोल गोल रेघ काढायला लावली. एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं. टेबल भिजलं. मी पुसायला उठले, तर डॉक्टरांनी खुणेनं थांबवलं. आपल्याला ज्या कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, भीती होती तो हा आजार नाही. हाताला काम दिलं की येणारा कंप आहे, बऱ्याच जणांना वयाबरोबर येतो, कधीकधी घराण्यातही असतो. गोळ्यांनी थोडा कमी होईल, जाणार नाही. बाबांनी विचारलं की वाढेल का. डॉक्टर म्हणाले की वाढू शकतो, हळूहळू. बाबांनी मान हलवली. परतताना बसमध्ये बाहेर बघत होते. मग म्हणाले की बरं झालं, त्यानं खोटं नाही सांगितलं.

आता जे खरं लिहायला बसलेय ते. डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळी मी मशीनवर होते. बाबा बाहेर जायचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. गेलं वर्षभर ते डोक्यातून घालायचे सदरेच वापरतात. मी आपली समजत होते की म्हातारपणची आवड. दिवसाला इतक्या गणवेशांना बटणं लावते मी, पण हे माझ्या डोक्यात आलं नाही. शर्टाची बटणं उघडी होती. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि लहान मुलासारखी हनुवटी वर केली.

मी उठले, खालपासून एकेक करत गळ्यापर्यंत सगळी लावली. त्यांचे हात दोन्ही बाजूंना मोकळे होते, लपवलेले नव्हते. शेवटचं लावून झाल्यावर त्यांनी विचारलं की काजं जास्त घट्ट नाहीत ना गेली तुला, लावायला. मी नाही म्हटलं. मग आम्ही निघालो.

पत्र मिळाल्याचं कळव, आणि आम्हा सगळ्यांवर जीव असू दे, जसा आमचा तुझ्यावर आहे.

तुझी
वहिनी